माळशेजचा सराव लेहला पुरेल का?

रविवारी पहाटे उपवनहून येऊरला चढणारा रस्ता, कल्याणहून मुरबाडकडे जाणारा रस्ता किंवा बदलापूरहून बारवी धरणाकडे वळणारा रस्ता पाहा. डोक्यावर हेल्मेट, मागे लुकलुकणारा लाल दिवा आणि उन्हाआधी घाट गाठायची घाई असलेले सायकलस्वार हमखास दिसतील. कुणी वजन उतरवायला आलेले असते, कुणी साखर आटोक्यात ठेवायला. काहींच्या डोक्यात मात्र एकच नकाशा असतो: मनाली ते लेह, आणि जमलेच तर त्यापुढची खार्दुंग ला खिंड.

हे स्वप्न नोकरदार माणसाच्या आवाक्यातले आहे. वर्षभर नियमित सराव करणाऱ्या चाळिशी-पन्नाशीतल्या माणसालाही ते पूर्ण करता येते. फक्त तयारीबद्दलचा एक समज तपासून घ्यायला हवा. ‘माळशेज न थांबता चढलो, आता हिमालयाला घाबरायचे कारण नाही,’ असे अनेकांना वाटते. माळशेजचा सराव पायांना पुरतो. उंचीशी जुळवून घेण्याचे काम मात्र त्याने सुरूही झालेले नसते.

चढ सोपा, हवा अवघड

नेरळहून माथेरानच्या दस्तुरी नाक्यापर्यंतचा रस्ता ज्यांनी सायकलने केला आहे, त्यांना खरा चढ म्हणजे काय ते माहीत असते. सात-आठ किलोमीटरच्या त्या रस्त्याची काही वळणे इतकी उभी आहेत की पुढचे चाक उचलले जाते. मनाली-लेह मार्गावरची ‘गाटा लूप्स’ ही एकवीस वळणे यापेक्षा सौम्य आहेत. लष्कराचे अवजड ट्रक चढावेत म्हणून हिमालयातले रस्ते लांबवर वळवत नेलेले असतात. तरीही माथेरानला न उतरता जाणारा सायकलस्वार गाटा लूप्सवर दर दोन वळणांनी थांबतो.

कारण हवा. हवेतला ऑक्सिजनचा वाटा डोंबिवलीत असो वा लेहमध्ये, सुमारे २१ टक्केच असतो. बदलतो तो हवेचा दाब. समुद्रसपाटीच्या तुलनेत ३,५०० मीटरवरच्या लेहमध्ये तो साधारण दोन तृतीयांश उरतो, सर्चूच्या मुक्कामावर साठ टक्क्यांच्या आसपास, तर ५,३२८ मीटरवरच्या तांगलांग ला खिंडीत जेमतेम निम्मा. म्हणजे छाती भरून घेतलेल्या एका श्वासात ठाण्याच्या निम्माच ऑक्सिजन येतो.

साधारण १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक टक्क्याने घटते, असा ढोबळ हिशेब आहे. तांगलांग लावर ही घट ३५ ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. आता आपल्याकडची उंची पाहा. माळशेज घाटाचा माथा सुमारे ७०० मीटरवर, माथेरान सुमारे ८०० मीटरवर, आणि महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरवर. जिथे शरीराला उंची जाणवू लागते, तिथे आपला महाराष्ट्र संपतो!

शरीराला दिवस लागतात

विरळ हवेत गेल्यावर शरीर लगेच कामाला लागते. श्वास जलद होतो, नाडी वाढते. पण जलद श्वासाने कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो आणि रक्त किंचित अल्कधर्मी होते. मग मेंदू श्वासाला पुन्हा लगाम घालू पाहतो. झोपेत ही ओढाताण उघड होते. काही सेकंद श्वास थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून जागा होतो. मूत्रपिंडे जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून हा तोल सावरतात, पण त्यांना त्यासाठी काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात.

हे वेळापत्रक व्यायामाने पुढे ढकलता येत नाही आणि अलीकडेही आणता येत नाही. म्हणूनच मुंबईहून दिल्लीमार्गे विमानाने निघून दुपारपर्यंत लेहला उतरणाऱ्याने पहिले किमान दोन दिवस सायकल खोक्यातच ठेवावी. त्या दिवसांत कुणी करोनाकाळात घेतलेले ऑक्सिमीटर बोटाला लावतो, ८८ आकडा पाहतो आणि घाबरतो. ठाण्यात हा आकडा चिंतेचा असतो. लेहमध्ये पहिल्या दिवसांत तो अनेक निरोगी माणसांत दिसतो. उलट, आकडा ठीक आहे म्हणून डोकेदुखीकडे दुर्लक्ष करणेही चूक. आकड्यापेक्षा लक्षणे महत्त्वाची.

तंदुरुस्त माणूस जास्त अडकतो

उंचीच्या आजाराबद्दल जगाला बरेच ज्ञान आपल्या सैनिकांमुळे मिळाले आहे. १९६२च्या युद्धाच्या काळात मैदानी प्रदेशातले जवान अचानक उंच सीमेवर न्यावे लागले आणि अनेकांना उंचीचा त्रास झाला. लष्करी डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. हे तरुण, धडधाकट, रोज कवायत करणारे जवान होते. तंदुरुस्ती हे उंचीविरुद्धचे कवच नाही, हा त्यातून मिळणारा धडा आजही तितकाच खरा आहे.

आजही आपले लष्कर जवानांना टप्प्याटप्प्याने वर नेते. सुमारे २,७०० मीटरच्या वर गेल्यावर पहिल्या टप्प्यात सहा दिवस, नंतर सुमारे ३,६०० आणि ४,५०० मीटरच्या वरच्या टप्प्यांसाठी प्रत्येकी चार दिवस उंचीशी जुळवून घ्यायला दिले जातात. आठ-दहा दिवसांची रजा काढून निघालेल्या आपल्या सायकलस्वाराच्या आखणीशी हे ताडून पाहावे.

उलट तंदुरुस्त माणसाला एक वेगळाच धोका असतो. त्याचे पाय त्याला वेगाने वर नेतात. ज्याला दम लागतो तो आपोआप थांबतो, ज्याला लागत नाही तो एका दिवसात दोन मुक्काम उरकतो. शिवाय गटात मागे पडण्याची लाज असते. सकाळपासून डोके दुखत असूनही गोळी घेऊन मुकाट पेडल मारणारा बहुधा गटातला सर्वांत जोरदार सायकलस्वारच असतो.

सर्चूचा पेच

आता नकाशा उघडू. मनाली सुमारे २,०५० मीटरवर. तिथून रोहतांग (३,९७८ मीटर) ओलांडून केलाँग आणि जिस्पापर्यंत मुक्कामाची उंची ३,१०० ते ३,३०० मीटर राहते. इथवर ठीक. पुढे सुमारे ४,९०० मीटरची बारालाचा ला ओलांडून सायकलस्वार सर्चूला उतरतो आणि सुमारे ४,२५० मीटरवर झोपतो. जिस्पाहून थेट सर्चू गाठले, तर मुक्कामाची उंची एका दिवसात हजारभर मीटरने वाढते. तज्ज्ञांचा नियम सांगतो, की ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची दिवसाला ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. सर्चूला हा नियम दुप्पट मोडतो.

त्याहून मोठी अडचण पुढे आहे. उंचीच्या गंभीर आजारावर खरा उपाय खाली उतरणे हाच. पण सर्चूहून मागे वळावे तर पुन्हा बारालाचा ला चढावी लागते. पुढे जावे तर नकी ला आणि पाच हजार मीटरहून उंच लाचुंग ला. पुढचा पांगचा मुक्काम तर सर्चूहूनही उंच, सुमारे ४,६०० मीटरवर. म्हणजे ज्याला तातडीने खाली न्यायचे, त्याला आधी वर चढवावे लागते. या पट्ट्यात सोबत गाडी असणे ही चैन नव्हे, गरज आहे. जिस्पा आणि सर्चू यांच्यामध्ये पत्सिओ किंवा झिंगझिंगबारला एक मुक्काम वाढवला, तरी हा धोका बराच उतरतो.

गंमत अशी, की अनेकांना ज्या खार्दुंग लाची धास्ती असते, ती त्या मानाने सोपी ठरते. उंची ५,३५९ मीटर खरी, पण लेहमध्ये पुरेसे दिवस काढलेला सायकलस्वार सकाळी निघतो, सुमारे चाळीस किलोमीटर चढतो आणि रात्री पुन्हा ३,५०० मीटरवर येऊन झोपतो. उंच चढा, खाली झोपा, हे गिर्यारोहकांचे जुने सूत्र तिथे आपोआप पाळले जाते.

मार्ग निवडा, मग सायकल

पहिल्यांदा जाणाऱ्याने म्हणूनच मनाली-लेह हाच मार्ग धरून बसू नये. श्रीनगर-लेह रस्त्याची चढण शरीराला जास्त मानवणारी आहे. १,५८५ मीटरवरच्या श्रीनगरहून सोनमर्ग, मग ३,५२८ मीटरची झोजी ला, त्यानंतर द्रास आणि पुन्हा खाली २,६७६ मीटरवर कारगिल. पुढची सर्वांत उंच फोटू ला ४,१०८ मीटरची, आणि ती ओलांडली की लामायुरू ३,५०० मीटरच्या आसपास. एकही मुक्काम चार हजारांवर नाही.

स्पितीलाही मनालीकडून कुंझुम ला ओलांडून जाण्यापेक्षा शिमल्याहून किन्नौरमार्गे जाणे बरे. नारकंडा, कल्पा, नाको, ताबो असे टप्पे घेत काझाला पोहोचेपर्यंत शरीर बरेचसे सरावलेले असते. तेही जास्त वाटत असेल, तर कुलूजवळची जालोरी खिंड सुमारे ३,१०० मीटरवर आहे. देवदारांच्या जंगलातून चढणारा हा मार्ग हिमालयातली पहिली सायकलसफर म्हणून उत्तम.

ठाण्यात बसून काय करता येईल?

बरेच काही. येऊरचा चढ एकदा जोरात चढण्यापेक्षा तो चार वेळा संथपणे, शेजाऱ्याशी बोलता येईल अशा दमाने चढावा. हिमालयात उपयोगी पडतो तो हाच वेग. शनिवार-रविवार सलग दोन दिवस लांब पल्ला करावा, म्हणजे थकलेल्या पायांनी निघण्याची सवय होते. कसारा घाट, माळशेज, माथेरान आलटून पालटून करावेत आणि निदान एकदा सामान लादून. उतारावर ब्रेक सतत दाबून न ठेवता आलटून पालटून वापरण्याचा सरावही इथेच करावा. वरच्या लांबलचक उतारांवर चूक महागात पडते.

निघण्याच्या दोन महिने आधी रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन कमी असेल तर आधीच तुटपुंजा ऑक्सिजन वाहून नेणार कोण? आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास आढळतो, आणि लोहाची कमतरता भरून यायला वेळ लागतो. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फुफ्फुसांचे जुने दुखणे, सिकलसेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बेत आखू नये. उंचीवर पूर्वी त्रास झाला असेल, तर तेही सांगावे. ॲसिटाझोलामाइड ही गोळी उंचीशी जुळवून घेण्याचा वेग वाढवते, पण ती कुणाला, किती आणि कधीपासून घ्यायची हे डॉक्टरांनीच ठरवायचे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आवर्जून सांगावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही वर्ज्य, कारण त्या झोपेतला श्वास आणखी मंदावतात.

ही लक्षणे ओळखा

डोकेदुखी आणि जोडीला मळमळ, गरगरणे किंवा विलक्षण थकवा असेल, तर तो उंचीचा त्रास आहे असेच समजावे. त्या दिवशी पुढे चढायचे नाही. विश्रांतीने बरे वाटले, तरच दुसऱ्या दिवशी निघावे. बसल्या जागी धाप लागणे, कोरडा खोकला, ओठ निळसर होणे ही फुफ्फुसांत पाणी साचू लागल्याची चिन्हे असू शकतात. चालताना तोल जाणे, बोलण्यात गोंधळ, उगाच चिडचिड किंवा सुस्ती ही मेंदूला सूज येत असल्याची. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. रात्र असली तरी माणसाला गाडीतून खाली न्यावे, ऑक्सिजन मिळाला तर वाटेत द्यावा, पण ऑक्सिजन आहे म्हणून उतरणे टाळू नये. त्याला कधीही एकटे सोडू नये.

गटाने निघण्याआधी एक नियम ठरवावा: रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येकाने डोके दुखते का, भूक आहे का, झोप लागली का, हे मोकळेपणाने सांगायचे आणि कुणी थांबला तर त्याला हिणवायचे नाही. साधनांच्या यादीत नसलेली ही गोष्ट प्राण वाचवू शकते.

सायकलवर पन्नास हजार खर्च करणारा माणूस रजेचे दोन दिवस वाढवायला मात्र कचरतो. हिमालयात सर्वांत मोलाचे सामान तेच दोन दिवस असतात. ते ऑफिसातून मागून घ्या, मग तिकीट काढा.