घटक ४ : प्रदेशप्रेमाच्या तीन नजरा

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला –
• दुरावलेला, पाहुणा आणि रहिवासी यांच्या प्रदेशप्रेमातील फरक स्पष्ट करता येईल.
• 'स्मरणरंजन' या संकल्पनेचे बळ आणि तिच्या मर्यादा सांगता येतील.
• आपल्या परिसराविषयीचे लेखन चिकित्सकपणे वाचता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, फाल्गुनात यवतमाळहून पांढरकवड्याकडे जाताना रस्त्याच्या दुतर्फा पळस फुललेला दिसतो. प्रथमच आलेला प्रवासी गाडी थांबवून त्याकडे पाहत राहतो. पुण्यात नोकरी करणारा आणि होळीसाठी गावी निघालेला माणूसही पाहतो. त्याला मात्र पळसाबरोबर आपले बालपण दिसते. त्याच वेळी बाजूच्या शेतात एक स्त्री उपटलेल्या पऱ्हाट्यांचा भारा बांधत असते. पळस तिलाही दिसतो. पण भारा घरी गेल्याशिवाय चूल पेटणार नाही, हे तिच्या मनात आधी असते.

पळस एकच, पण पाहणारे तिघे. प्रवासवर्णन, आठवणींचे ललित गद्य आणि ग्रामीण साहित्य या तीन लेखनप्रकारांत प्रामुख्याने याच तीन नजरा अनुक्रमे पाहुण्याची, दुरावलेल्याची आणि रहिवाशाची म्हणून वावरतात. यांपैकी कोणतीही नजर खोटी नाही. परंतु एकटी कोणतीच पुरेशी नाही. हे विधान आपण या घटकात तपासून पाहणार आहोत.

४.३ विषयविवेचन

४.३.१ तुलनेसाठी आयर्लंड

या प्रश्नाचा विचार करताना आयर्लंडचे उदाहरण उपयोगी पडते. १८४५ मध्ये तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढील काही वर्षांच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मृत्युमुखी पडली आणि जवळजवळ तितक्याच माणसांनी देश सोडला. त्यांतील असंख्य लोक अमेरिकेत स्थायिक झाले. त्यांच्या वंशजांच्या मनात हिरव्या टेकड्यांचा, गवताने शाकारलेल्या घरांचा आणि गाण्यांचा देश टिकून राहिला. स्थलांतरित आयरिश आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या जॉन फोर्ड यांचा 'द क्वाएट मॅन' (१९५२) हा चित्रपट या ओढीचे प्रसिद्ध उदाहरण आहे. अमेरिकेहून पूर्वजांच्या गावी परतलेल्या माणसाची ती कथा आहे.

नाटककार जे. एम. सिंग हे डब्लिनच्या परिसरात वाढलेले. १८९८ पासून ते पश्चिमेकडील ॲरन बेटांवर वारंवार जाऊन राहिले आणि १९०७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्याच देशात ते पाहुणे होते. याउलट पॅट्रिक कॅव्हाना हे मोनॅहन परगण्यातील लहान शेतकऱ्याच्या घरात वाढले आणि स्वतः शेतात राबले. त्यांच्या 'द ग्रेट हंगर' (१९४२) या दीर्घकवितेत जमिनीला जखडलेल्या एका शेतकऱ्याचे एकाकी, अतृप्त जीवन येते. रम्य ग्रामजीवनाच्या चित्राला रहिवाशाने दिलेले ते उत्तर होते.

हेच तीन कोन घेऊन आता आपण यवतमाळ जिल्ह्याकडे वळू.

४.३.२ दुरावलेल्याची नजर : शकुंतला

यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अडीच फूट रुंदीची रेल्वे 'शकुंतला' या लाडक्या नावाने ओळखली जाते. या प्रदेशातील कापूस मूर्तिजापूरच्या मुख्य मार्गापर्यंत आणि तेथून मुंबईच्या बंदरापर्यंत नेणे, हा तिच्या उभारणीमागील मुख्य हेतू होता. १९२१ मध्ये मँचेस्टरला तयार झालेले तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. देश स्वतंत्र झाल्यानंतरही मार्गाची मालकी खासगी कंपनीकडे राहिली.

जिल्ह्याबाहेर स्थायिक झालेल्यांच्या बोलण्यात शकुंतला हमखास येते. तिचा संथ वेग, दारव्ह्याचे स्थानक, डब्यातील ओळखीपाळखी यांचे वर्णन करताना त्यांचा आवाज बदलतो. गतकाळाच्या आठवणीत रमून त्यातून आनंद घेण्याच्या या वृत्तीला 'स्मरणरंजन' म्हणतात. स्मरणरंजनाचे बळ असे की, ते हरवलेल्या गोष्टींचे तपशील जपते. त्याची मर्यादा अशी की, ते काळ थांबवून धरते. जी रेल्वे कापूस पिकवणाऱ्यापेक्षा कापूस नेणाऱ्यासाठी बांधली गेली, तीच आठवणीत निरागस होते. शिवाय गाडीचा संथपणा आठवणीत गोड असला, तरी स्वस्त तिकिटावर विसंबून असलेल्या प्रवाशासाठी गाडी बंद होणे ही अडचण असते. एकाला तिची आठवण येते. दुसऱ्याला उद्याच्या बाजारासाठी एसटीचे भाडे जमवायचे असते.

मात्र सर्वच स्थलांतरितांची ओढ केवळ आठवणीत राहत नाही. पुसद, दिग्रस, महागाव परिसरातील तांड्यांवरून कामासाठी बाहेर गेलेली बंजारा कुटुंबे होळीला परत येतात आणि लेंगी गातात. रामनवमीला सीमेलगतच्या वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी येथे इतर राज्यांतूनही बंजारा भाविक जमतात. येथे ओढ ही कृती होते : माणसे येतात, गातात, नाती जुळवतात. स्मरणरंजन आणि परंपरेतील सहभाग यांतील हा भेद आपण लक्षात ठेवावा.

स्वयंअध्ययन प्रश्न – १
(अ) स्मरणरंजनाचे एक बळ व एक मर्यादा सांगा.
(आ) शकुंतलेकडे पाहण्याच्या दोन वेगळ्या दृष्टी कोणत्या?

४.३.३ पाहुण्याची नजर : टिपेश्वर आणि मारलवाई

पांढरकवड्याजवळील टिपेश्वर अभयारण्यात वाघ पाहण्यासाठी दूरदूरचे पर्यटक येतात. पाहुण्याच्या नजरेत ताजेपणा असतो; सवयीने आपल्याला दिसेनासे झालेले तो दाखवतो. पण त्याचा मुक्काम थोडा असतो आणि परिणाम भोगायला तो थांबत नाही.

या नजरेची कसोटी २०१८ मध्ये लागली. राळेगाव–पांढरकवडा परिसरात सुमारे दोन वर्षांत तेरा जणांच्या मृत्यूशी एका वाघिणीचा संबंध जोडला गेला. वनखात्याच्या नोंदीत ती 'टी-१' होती. वन्यजीवप्रेमींनी तिला 'अवनी' म्हटले. तिला वाचवण्यासाठी दूरच्या शहरांतून आवाज उठला. तिकडे गावांमध्ये वेचणीला आलेला कापूस असूनही शेतावर जायला माणसे धजत नव्हती. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती मारली गेली. दूरवर शोक आणि संताप व्यक्त झाला. गावांनी सुटकेचा श्वास सोडला.

येथे घाईने निवाडा करू नये. शहरातील माणसांचे दुःख खरे होते. वाघिणीला दोन बछडे होते आणि तिला पकडण्याऐवजी मारण्याविषयी उपस्थित झालेले प्रश्नही निराधार नव्हते. परंतु ज्या चर्चेत वाघिणीचे नाव सर्वांना ठाऊक होते, त्या चर्चेत तेरा मृतांपैकी किती जणांची नावे उच्चारली गेली, हा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे. आपण कोणाला नाव देतो आणि कोणाला केवळ संख्येत मोजतो, यावरून आपल्या प्रेमाची दिशा कळते.

पाहुण्याचे प्रेम जबाबदारही होऊ शकते. पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद जिल्ह्यात १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ राहिले. मारलवाई या गावी मुक्काम करून त्यांनी राजगोंडांच्या जीवनाचा अभ्यास केला. तो १९४८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. ते तेवढ्यावर थांबले नाहीत. आदिवासींना जमिनीचे हक्क मिळावेत आणि त्यांच्या भाषेत शिक्षण मिळावे, यासाठी त्यांनी निजाम सरकारच्या सेवेत राहून प्रयत्न केले. त्यांची आणि पत्नी बेट्टी यांची समाधी मारलवाईतच आहे. गोंडी नृत्य आणि सण यांचे कौतुक करणारा पाहुणा जमिनीच्या प्रश्नापर्यंत पोहोचतो, तेव्हा त्याची नजर बदललेली असते.

४.३.४ रहिवाशाची नजर : संमेलनाचे व्यासपीठ

जानेवारी २०१९ मध्ये ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला भरले. अध्यक्षपदी अरुणा ढेरे होत्या. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यामुळे मोठा वाद झाला. अखेर उद्घाटन केले ते कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांनी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची पत्नी, अंगणवाडीत काम करणारी आणि 'तेरवं' या नाटकात भूमिका केलेली ही स्त्री होती.

निमंत्रणाचा वाद त्यामुळे मिटला असे म्हणता येत नाही. एका अन्यायावर दुसऱ्या योग्य गोष्टीचे पांघरूण घालता येत नाही. तरीही त्या क्षणाचे महत्त्व कमी होत नाही. ज्यांच्याविषयी साहित्य लिहिले जाते, त्यांच्यातील एकीने साहित्यिकांसमोर स्वतः बोलणे, ही नजरेची उलटापालट होती. यवतमाळचे कवी शंकर बडे यांनी वऱ्हाडी बोलीत शेतकऱ्याचे जगणे मांडले, तेव्हाही हेच घडले : वर्णनाचा विषय असलेला माणूस वर्णन करणारा झाला.

रहिवाशाच्या नजरेलाही मर्यादा आहे. रोजच्या कष्टांत आणि सवयीत त्याला आपला पळस दिसेनासा होतो. म्हणूनच त्याने पाहुण्याचे कुतूहल आणि दुरावलेल्याची आठवण थोडी उसनी घ्यावी. त्या दोघांनी मात्र रहिवाशाचा हिशेब आधी ऐकावा.

४.४ सारांश

दुरावलेला माणूस जपतो, पाहुणा शोधतो, रहिवासी भोगतो. प्रदेशाविषयीचा कोणताही मजकूर वाचताना तीन प्रश्न विचारावेत : कोण पाहत आहे? त्या सौंदर्यामागचे कोणाचे श्रम किंवा भय झाकले गेले आहे? आणि लेखक त्या जागेला काही परत देतो का? ज्या लेखनात या प्रश्नांची उत्तरे सापडतात, त्यातील प्रदेशप्रेम विश्वासार्ह ठरते.

४.५ सरावासाठी स्वाध्याय

१. 'नाव देणे आणि संख्येत मोजणे' या मुद्द्याच्या आधारे पाहुण्याच्या नजरेची चर्चा करा.
२. आयर्लंड आणि यवतमाळ येथील प्रदेशप्रेमाच्या उदाहरणांची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या गावातील एखादी नदी, जत्रा, वाट किंवा झाड निवडा. गाव सोडून गेलेली एक व्यक्ती, बाहेरून आलेली एक व्यक्ती आणि तेथेच राहणारी एक व्यक्ती यांच्याशी त्याविषयी बोला. तिघांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. नंतर आपण स्वतः यांपैकी कोण आहात, हे एका परिच्छेदात लिहा.