बंद दाराआडचा मधुमेह

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि दिल्लीच्या नैर्ऋत्येकडील द्वारका उपनगरात सोसायट्यांची फाटके बंद झाली. सकाळी उद्यानात फेऱ्या मारणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांचा दिवस एकाएकी चार भिंतींत आला. १९ एप्रिल २०२१ पासून दिल्लीत पुन्हा टाळेबंदी झाली. ती बंधने आज उरलेली नाहीत. परंतु दर हिवाळ्यात हवा दूषित झाली की वयस्करांना घरातच थांबण्याचा सल्ला दिला जातो. मधुमेहींसाठी असे दिवस कसोटीचे ठरतात.

स्नायू काम करताना रक्तातील साखर वापरतात; चालणे थांबले की ती वाढू लागते, हे बहुतेकांस ठाऊक असते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना मात्र याहून तातडीचा धोका असतो, तो साखर एकदम उतरण्याचा. करमत नाही म्हणून भूक मंदावते, जेवण लांबते. गोळी वा इन्सुलिन मात्र नेहमीच्याच मात्रेत घेतले जाते. घाम, थरथर, धडधड, असंबद्ध बोलणे ही त्याची लक्षणे. उतारवयात ती 'वय झाले' म्हणून दुर्लक्षिली जातात. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्यास, रुग्ण शुद्धीवर असताना तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता रुग्णवाहिका बोलवावी.

म्हणूनच अशा काळात घड्याळ हे पथ्याइतकेच महत्त्वाचे. जेवणाच्या वेळा पाळाव्यात, जेवणानंतर घरातच दहा मिनिटे चालावे, साखरेची नोंद वहीत ठेवावी, तळपाय रोज पाहावेत. औषधाची मात्रा स्वतः बदलू नये; डॉक्टरांचा सल्ला दूरध्वनीवरूनही घेता येतो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे, बर्फाच्या कप्प्यात कधीही नाही.

पैशांसाठीही उन्हातान्हात वा धुरक्यात बाहेर पडण्याची गरज नाही. सत्तरीपुढील ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच बँकांना सांगितले आहे. ज्येष्ठ ग्राहकांनी शाखेत त्याची चौकशी अवश्य करावी.

आणि दूर राहणाऱ्या मुलांनी रोज ठरल्या वेळी दूरध्वनी करावा. 'जेवलात का?' हा साधा प्रश्नही उपचाराचाच भाग आहे.