देखणी बॉडी, रोजचं इंजिन

जुनी स्पोर्ट्स कार स्वस्तात मिळते म्हणून घेणारे किंमत आधी विचारतात. आधी विचारायला हवं, की इंजिन मूळचं कुणाचं? नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली दोन आसनी ‘सॅन स्टॉर्म’ पाहा. फायबरग्लासची बॉडी दुर्मीळ, पण ११४९ सीसीचं इंजिन रेनोचं, ट्विंगो आणि क्लिओ या युरोपातल्या घरगुती गाड्यांतलं. म्हणून टायमिंग बेल्ट परदेशातून मागवता येतो, तर होज, बेअरिंग, सील यांच्यासाठी जुना नमुना घेऊन पुण्यात नाना पेठेतला सुट्या भागांचा बाजार पालथा घालावा. बेल्टचं वय कळत नसेल तर तो आधी बदलावा, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल. ही कामं हात बसलेल्या हौशी माणसाला जमतात. मात्र फायबर गंजत नाही म्हणून गाफील राहू नका. खालचं पोलाद पेचकसाने टोचून बघा. रंगाखालून तांबूस पापुद्रे सुटले तर सौदा सोडा.

साठेक हॉर्सपॉवरची ही कसली स्पोर्ट्स कार, हा आक्षेप खरा आहे. पण जास्त ताकदीबरोबर टर्बो, मोठे ब्रेक, महाग टायरही येतात, आणि स्वस्त गाडी तिथेच महागते. उत्पादन बंद असल्याची अडचण अधिक गंभीर: पुढची काच फुटली तर गाडी महिनोन्‌महिने उभी राहील. शिवाय गोवा पासिंगची गाडी पुण्यात आणायची तर एनओसी, इथला रोड टॅक्स आणि पंधरा वर्षांनंतरचं फेरनोंदणीचं काम, तेही पर्यावरण करासह. हा खर्च विसार देण्याआधीच किमतीत धरावा.