अर्थशास्त्राचा तास आणि ऊसतोडीचा कोयता

तालुक्याच्या गावातील लहान खाजगी महाविद्यालयात बी. ए.ला अर्थशास्त्र हा विषय सहसा कोणी आवडीने घेत नाही. इंग्रजी झेपत नाही, भूगोलाला जागा उरलेली नाही, म्हणून मुले या वर्गात येऊन बसतात. शिकवणारा बहुधा तासिका तत्त्वावर, आणि ग्रंथालयात एकाच पाठ्यपुस्तकाच्या जुन्या प्रती. दलित विद्यार्थ्याच्या हाती हा विषय असा आडवाटेने येतो. तरी त्याने तो सोडू नये. चळवळीतले काही मित्र 'हे भांडवलदारांचे शास्त्र' म्हणून हात झटकतात, तेही मला पटत नाही.

मजुरीचे प्रकरण घ्या. इतर परिस्थिती कायम असता मजुरीचा दर श्रमाच्या मागणी-पुरवठ्याने ठरतो, असे पुस्तक सांगते. त्यामागे गृहीते असतात. मजूर गतिशील आहे, म्हणजे कमी मजुरीचे काम सोडून जास्त मजुरीकडे जायला मोकळा आहे. सौदा करणाऱ्या दोघांनाही बाजाराची माहिती आहे. विद्यार्थी ही गृहीते क्रमांक घालून पाठ करतात, कारण त्यांना गुण असतात. सिद्धांत खरा की खोटा, हे मात्र तिथेच ठरत असते.

मराठवाड्यातल्या आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले असतात. दिवाळीच्या सुमारास त्यांतली काही बाकावरून नाहीशी होतात, ती गाळप संपल्यावर दिसतात. घराने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. उचल म्हणजे आगाऊ मजुरी. ती फिटेपर्यंत दुसरा कोणी टनामागे जास्त दर देत असला तरी जाता येत नाही, आणि न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर चढते. शेकडो मैल हिंडणारा हा मजूर पुस्तकाच्या अर्थाने गतिशील नाहीच! शिवाय पुस्तकातला मजूर एकटा असतो. इथे नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात आणि उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. बाईचे श्रम कोणत्या खात्यात मांडायचे? हा प्रश्न परीक्षेत आलेला मी अजून पाहिलेला नाही.

आपण बाबासाहेबांचे नाव राज्यघटनेच्या संदर्भात घेतो, अर्थशास्त्राच्या तासाला विसरतो. भारतातील लहान शेतजमिनींवर त्यांनी १९१८ साली निबंध लिहिला. जमिनीचे तुकडे एकत्र केले, मोठे केले की शेती सुधारेल, असा त्या काळचा सूर होता. बाबासाहेबांचे म्हणणे असे की, जमीन पुरेशी आहे की नाही हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि श्रम किती आहेत ते पाहावे लागते. खरा रोग म्हणजे शेतीवर पडलेला रिकाम्या हातांचा भार, आणि त्यावर उपाय औद्योगिकीकरण. जोन रॉबिन्सन यांनी 'प्रच्छन्न बेकारी' ही संज्ञा वापरली ती १९३६ साली. माझ्या पाहण्यातल्या पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण नर्क्से आणि लुईस यांच्या नावे येते; १९१८ चा निबंध तळटीपेतही नसतो. विशेष हे की, बाबासाहेबांनी प्रस्थापित शास्त्र झुगारले नाही. उत्पादन घटकांच्या प्रमाणाचा जो विचार आपण पहिल्या वर्षाला शिकवतो, तोच त्यांनी त्या शास्त्राच्या पंडितांपुढे ठेवला.

मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना घरच्या एका हंगामाचा हिशेब मांडायला सांगतो: उचल किती, किती टन तोडला, दर काय, कपात कशाची, बाकी किती. बहुतेकांना शेवटचे दोन आकडे घरी सांगता येत नाहीत. ते मुकादमाच्या वहीत असतात.