मोबाईलवरची बातमी कोणाच्या हातात?



ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड हा आपल्यासारखाच उसाचा मुलूख. १८ फेब्रुवारी २०२१ रोजी फेसबुकने त्या देशात बातम्या एकाएकी बंद केल्या. बातम्यांचा मोबदला वृत्तपत्रांना द्या, असा कायदा सरकार आणत होते. त्याला हे उत्तर! त्या झपाट्यात हवामान खात्याचे आणि क्वीन्सलँडच्या आरोग्य खात्याचे पानही कोरे झाले. आठवडाभरात तडजोड होऊन बातम्या परत आल्या.

फेसबुकची मालक मेटा कंपनी. २०२३ साली तिच्या १०० रुपये उत्पन्नातले ९७ रुपयांहून अधिक जाहिरातींचे होते. फुकट दिसणाऱ्या पानाचे पैसे जाहिरातदार मोजतो, आणि कोणाला काय दाखवायचे ते कंपनी ठरवते. उसाचा एक व्हिडिओ पाहिला की टॉनिकच्या जाहिराती मागे लागतात, त्या यामुळेच.

तेव्हा ‘प्रायोजित’ हा बारीक शब्द आधी पाहावा. कीटकनाशकाच्या डब्यावर नोंदणी क्रमांक नसेल तर घेऊ नये, पक्की पावती मागावी. पावसाचा अंदाज रेडिओवरही ऐकावा. शंका आली तर गट ऑफिसात या. विचारायला पैसे पडत नाहीत.