गोम्बेच्या वह्या कुणी भरल्या?

१ ऑक्टोबर २०२५ रोजी जेन गुडॉल गेल्या. त्यानंतरच्या मृत्युलेखांत एकच चित्र वारंवार दिसलं. सव्वीस वर्षांची तरुणी, हातात दुर्बीण आणि समोर चिंपांझी. ते चित्र खरं आहे. पण १४ जुलै १९६० रोजी टांगानिका सरोवराच्या काठावर, गोम्बेच्या जंगलात सुरू झालेलं हे काम पासष्ट वर्षांनंतरही चालू आहे, आणि त्यासाठी रोज उजाडायच्या आत डोंगर चढणारी माणसं त्या चित्रात कुठेच नाहीत. या मागोव्यात मी त्यांच्याविषयी लिहिणार आहे.

खरं तर पहिल्या दिवशीही जेन एकट्या नव्हत्या. एकट्या तरुणीला जंगलात राहू द्यायला तिथलं ब्रिटिश प्रशासन तयार नव्हतं, म्हणून आई सोबत आली, एक स्वयंपाकी आला. वाटा ठाऊक असलेली रशीदी किक्वाले यांच्यासारखी स्थानिक माणसं होती. त्याच वर्षाअखेर डेव्हिड ग्रेबिअर्ड हा नर गवताच्या काडीने वारुळातल्या वाळव्या काढताना दिसला आणि गोम्बेचं नाव जगभर झालं.

मग टिपणांचा ढीग वाढू लागला आणि मदतनीस हवे झाले. साठच्या दशकाच्या मध्यापासून परदेशी तरुण-तरुणी येऊ लागल्या. सुरुवातीला काम होतं टंकलेखनाचं आणि तळावर केळी खायला येणाऱ्या चिंपांझींवर लक्ष ठेवण्याचं. पुढे स्टॅनफर्डसारख्या विद्यापीठांतून विद्यार्थी आले. कुणी काही महिने राहिलं, कुणी वर्ष-दोन वर्षं. ॲन प्यूसी १९७० मध्ये अशाच सहायक म्हणून आल्या आणि पुढे गोम्बेच्या साऱ्या नोंदी एकत्र करून जपण्याचं मोठं काम त्यांनीच उभं केलं. पण अशी उदाहरणं थोडी.

क्षेत्र-सहायकाचं काम नेमकं काय असतं? आदल्या संध्याकाळी चिंपांझीने झाडावर घरटं कुठे बांधलं ते लक्षात ठेवायचं आणि तो उठायच्या आत त्या झाडाखाली पोचायचं. मग दिवसभर त्याच्या मागे जायचं. तो काटेरी जाळीतून सहज निसटतो, माणसाला सरपटत जावं लागतं. गोम्बेत दोघांच्या जोडीने हे काम चालतं. एक जण जे घडेल ते सविस्तर लिहितो, दुसरा दर पंधरा मिनिटांनी तक्त्यात भरतो : प्राणी कुठे आहे, सोबत कोण आहे, काय खातो आहे. संध्याकाळी नवं घरटं बांधून तो आडवा झाला की दिवस संपतो.

या शिस्तीमागे विचार आहे. १९७४ मध्ये जीन ऑल्टमन यांनी प्राण्यांचं वर्तन कसं नोंदवावं यावर एक निबंध लिहिला आणि साऱ्या शाखेची सवय बदलली. मोकळेपणी लिहीत गेलं की भांडणं, आरडाओरडा तेवढा वहीत उतरतो आणि तासन् तास शांत बसलेली मादी वहीत येतच नाही. म्हणून प्राणी आधी ठरवायचा, वेळ ठरवायची आणि काही घडलं नाही तर तेही लिहायचं. मला वाटतं, या कामाची सगळी कसोटी या शेवटच्या अटीत आहे.

१९६९ मध्ये चिंपांझींच्या मागे गेलेली एक अमेरिकन तरुणी कड्यावरून कोसळून मरण पावली. त्यानंतर जंगलात एकट्याने जाणं बंद झालं, सोबत स्थानिक सहकारी असलाच पाहिजे असा नियम आला. त्या दुःखातून आलेल्या नियमाने गोम्बेचं पुढचं भवितव्य ठरवलं. आसपासच्या गावांतली ही माणसं वाटाड्याची निरीक्षक झाली, एकेक चिंपांझी चेहऱ्याने, आवाजाने ओळखू लागली. आपली टिपणं ती स्वाहिलीत लिहीत.

७ जानेवारी १९७४ रोजी कासाकेला समुदायातल्या नरांनी फुटून निघालेल्या काहामा गटातल्या गोडीला एकटं गाठून मारहाण केली. त्यानंतर तो कधीच दिसला नाही. हे पाहणारा माणूस होता हिलाली मातामा, याच स्थानिक निरीक्षकांपैकी एक. पुढच्या चार वर्षांत काहामा गट नामशेष झाला. चिंपांझी मूळचे शांत, केळी घालून माणसानेच त्यांना बिघडवलं, असा आक्षेप दीर्घकाळ घेतला गेला. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये अठरा चिंपांझी समुदायांच्या नोंदींचा एकत्र अभ्यास आला. त्यात या हत्यांचा माणसाच्या हस्तक्षेपाशी संबंध आढळला नाही. तो निष्कर्ष अशा अनेक ठिकाणच्या, वर्षानुवर्षं न तुटलेल्या वह्यांवर उभा आहे.

त्या वह्या तुटायची वेळ आली होती. मे १९७५ मध्ये सरोवरापलीकडच्या झाईरमधून सशस्त्र बंडखोर रात्री होड्यांतून आले आणि चार विद्यार्थ्यांना पळवून घेऊन गेले. पुढे चौघेही सुटले, पण परदेशी माणसांचं तिथे राहणं थांबलं. गुडॉल यांनाही फक्त अधूनमधून जाता येई. चिंपांझींच्या मागे जाणं मात्र टांझानियन सहायकांनी चालू ठेवलं. काहामाच्या शेवटच्या वर्षांविषयी आपल्याला जे कळलं, ते मुख्यतः त्यांच्यामुळे.

चिंपांझी मादीच्या दोन पिल्लांमध्ये साधारण पाच वर्षांचं अंतर असतं. वर्षभरासाठी आलेल्या स्वयंसेवकाला एक बाळपणही पुरतं पाहता येत नाही. १९६० मध्ये आईला बिलगून असलेली फिफी २००४ मध्ये दिसेनाशी झाली. दरम्यान ती स्वतः अनेक पिल्लांची आई झाली होती. तिचं हे सगळं आयुष्य एका स्वयंसेवकाने नव्हे, एकामागून एक आलेल्या हातांनी लिहिलं. उत्साही पाहुण्यांचं मोल मी कमी लेखत नाही. त्यांच्याशिवाय हे केंद्र उभं राहिलं नसतं. पण अशा प्रकल्पाला आधी हवी ती जवळच्या गावातली, पगारावर नेमलेली, वर्षानुवर्षं टिकणारी माणसं. आज जगात अनेक ठिकाणी क्षेत्र-सहायकाची जागा बिनपगारी असते, कधी तर राहण्या-खाण्याचा खर्चही त्यालाच करावा लागतो. मग घरून पैसे आणू शकणाऱ्यांनाच हा अनुभव मिळतो. आपल्याकडे प्राणिशास्त्र शिकलेल्या कितीतरी मुला-मुलींसाठी ती वाट तिथेच बंद होते, आणि हे मला अन्यायाचं वाटतं.

गोम्बेतल्या समुदायांमधल्या संघर्षावर १९७९ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत गुडॉल आणि परदेशी विद्यार्थ्यांबरोबर बांडोरा, मातामा आणि म्पोंगो ही नावंही आहेत. आभाराच्या परिच्छेदात नव्हे, शीर्षकाखाली.