चार कोटी कवड्यांची माळ

पावसाळ्यात नळदुर्गला गेलो होतो. बोरी नदीला भरपूर पाणी होतं आणि किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर आणि मादी हे दोन्ही धबधबे कोसळत होते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला हा बंधारा. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. डोक्यावरून नदी वाहते आणि आत माणूस कोरडा उभा राहतो! कॅमेरा खाली ठेववत नव्हता. येताना तुळजापूरला थांबलो, आजीसाठी कवड्यांची माळ घेतली आणि रात्री धाराशिवला घरी पोचल्यावर फोटो कॉम्प्युटरवर टाकायला बसलो. आजी शेजारीच होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फोटू वायरीतून तिकडं गेला, मग ह्यातला संपला का रं?"

नाही संपला. कारण फोटो वायरीतून गेलाच नाही. मग गेलं काय?

आजीच्या गळ्यातली माळच बघा. कवडी दोनच तऱ्हेनं पडते, उताणी किंवा पालथी. सारीपाट खेळणाऱ्यांना हे सांगायला नको. उताणी म्हणजे १ आणि पालथी म्हणजे ० असं ठरवलं, तर माळेतल्या उताण्या-पालथ्यांच्या क्रमात हवं ते लिहिता येईल. माझा धबधब्याचा फोटो म्हणजे अशीच एक माळ आहे. पाच एमबीचा फोटो, म्हणजे ४ कोटी कवड्या. कॉम्प्युटर कॅमेऱ्यातली माळ वाचतो आणि तशीच दुसरी माळ आपल्याकडे ओवतो. पहिली जागची हलत नाही.

पण पाण्याच्या कवड्या झाल्या कशा?

कॅमेऱ्याच्या भिंगामागे नखाएवढी सिलिकॉनची चकती असते. तिच्यावर प्रकाश टिपणारी सव्वा कोटीच्या आसपास घरं. टँकर यायच्या आधी गल्लीत घागरी मांडून ठेवतात ना, तशी ही घरं ओळीनं मांडलेली. प्रकाश पडला की सिलिकॉनमधून इलेक्ट्रॉन सुटतात आणि घरात साठतात. फेसाळ पाण्यासमोरचं घर काठोकाठ भरतं, काळ्या दगडासमोरचं जवळपास रिकामं राहतं. मग प्रत्येक घर किती भरलं ते मोजायचं आणि आकडा लिहायचा. झाला फोटो!

त्यातही एक गंमत आहे. या घरांना रंग कळत नाही, फक्त उजेड कळतो. म्हणून कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांनी प्रत्येक घरावर एकेका रंगाची काच बसवण्याची युक्ती काढली. निम्म्या घरांवर हिरवी, पाव घरांवर लाल, पाव घरांवर निळी. १९७६ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. म्हणजे प्रत्येक घराला तीनपैकी एकच रंग खरा दिसतो. उरलेले दोन कॅमेरा शेजारच्या घरांकडे बघून ताडतो. तुमच्या लग्नाच्या अल्बममधला शालूचा रंग डिजिटल कॅमेऱ्यानं टिपला असेल, तर त्यातला दोन-तृतीयांश असा अंदाजानं भरलेला आहे. आणि तो इतका अचूक, की आपल्याला कधी शंकाही आली नाही.

सगळे आकडे जसेच्या तसे लिहिले तर फोटो ३६ एमबीच्या आसपास जाईल. मग माझा पाचच एमबीचा कसा? इथं बंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांची आठवण काढायलाच हवी. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली एक गणिती रीत मांडली. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनातले ६४ ठिपके एकेक करून सांगण्याऐवजी त्यातला उजेड कसा चढतो-उतरतो ते सांगायचं. संथ लाटा किती, बारीक थरथर किती. आपल्या डोळ्यांना संथ लाटा चटकन दिसतात, अगदी बारीक थरथर फारशी जाणवत नाही. ती चाळून टाकायची, पिठातल्या कोंड्यासारखी. या संशोधनासाठी अहमद यांनी अमेरिकेत सरकारी अनुदान मागितलं होतं, तेव्हा कल्पना फारच सोपी आहे म्हणून ते नाकारलं गेलं. १९९२ च्या जेपेग पद्धतीचा पाया तीच सोपी कल्पना आहे. आज जगातले बहुतेक फोटो तिच्याच चाळणीतून जातात.

आता ही माळ कार्डावर ठेवायची. वीज बंद झाली, कॅमेरा पिशवीत गेला, तरी टिकायला हवी. कशी टिकते?

आपल्याकडे जमिनीखालच्या पेवात ज्वारी साठवत आणि तोंड लिंपून टाकत. कार्डात अशी कोट्यवधी पेवं असतात, फक्त त्यांना तोंडच नसतं. चारही बाजूंनी वीज न वाहू देणारी भिंत. साध्यातल्या साध्या कार्डात एक पेव म्हणजे एक कवडी. आत इलेक्ट्रॉन असले तर पालथी, नसले तर उताणी. पण दार नसलेल्या पेवात इलेक्ट्रॉन शिरतात कुठून? भिंत इतकी पातळ असते, साधारण केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग, की पंधरा-वीस व्होल्टचा जोर लावला की इलेक्ट्रॉन तिच्या पलीकडे उमटतात. ते भिंत फोडत नाहीत, तिच्यावरून उडीही मारत नाहीत. अलीकडे होते, ते पलीकडे आहेत, एवढंच. जोर काढून घेतला की वर्षानुवर्षं आत कोंडलेले. पुंजभौतिकीतलं हे नवल तुमच्या बोटभर कार्डात दर फोटोला घडतं. तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांनी ही स्मृती १९८४ साली जगापुढे मांडली. ती एका झटक्यात पुसली जाते हे बघून त्यांच्या सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला, म्हणून तिचं नाव पडलं फ्लॅश. कॅमेऱ्यात जायच्या कितीतरी आधी तिनं कॅमेऱ्यावरून नाव घेतलं होतं!

आता वायर जोडू. यूएसबीची नेहमीची केबल कापली तर आत चार तारा दिसतात. दोन विजेच्या आणि दोन बोलण्याच्या. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट आणि इंटेलमधले त्यांचे सहकारी यांच्या कामातून ही जोडणी घडली, १९९६ साली तिचा पहिला नियम ठरला. जोडल्याबरोबर कॉम्प्युटर विचारतो, तू कोण? कॅमेरा आपली ओळख सांगतो. कॉम्प्युटर त्याला १ ते १२७ मधला एक क्रमांक देतो, आणि तिथून पुढे कॅमेरा विचारल्याशिवाय एक शब्द बोलत नाही.

बोलण्याच्या तारा दोन का, एक का नाही? एसटीतले शेजारी-शेजारी बसलेले दोन प्रवासी डोळ्यांपुढे आणा. एक उंच, एक बुटका. गाडी खड्ड्यात आदळली की दोघंही उडतात, पण त्यांच्या उंचीतला फरक तेवढाच राहतो. दोन तारांवर एकमेकींच्या उलट खुणा जातात आणि पलीकडचा फक्त फरक बघतो. शेजारी मिक्सर सुरू झाला, तरी त्याचा धक्का दोन्ही तारांना सारखाच बसतो. फरक तोच, कवडी तीच.

आणि ठेका? या तारांवर ० आला की खूण पालटते, १ आला की तशीच राहते. सलग पुष्कळ १ आले तर तार गप्पच, आणि ऐकणाऱ्याचा ताल चुकायचा. गोंधळात संबळ थांबल्यावर व्हावं तसं. म्हणून सलग सहा १ झाले की पाठवणारा एक जास्तीचा ० टाकतो, फक्त ठेका धरायला. घेणारा तो ओळखतो आणि फेकून देतो.

माझ्या केबलवर सेकंदाला ४८ कोटी कवड्या जाऊ शकतात. मी हिशोब करून बघितला आणि थक्क झालो. एवढ्या वेगात एक कवडी सुटल्यावर दुसरी सुटेपर्यंत पहिली हातभरही पुढे गेलेली नसते. दीड मीटरच्या केबलमध्ये कुठल्याही क्षणी जेमतेम तीन-चार कवड्या असतात! ४ कोटींपैकी तीन-चार. उरलेला सगळा धबधबा अलीकडे तरी किंवा पलीकडे तरी.

माळ जाते तुकड्यातुकड्यांनी, ५१२ अक्षरांची एकेक थैली. माझ्या फोटोच्या अशा पावणेदहा हजार थैल्या झाल्या. प्रत्येकीच्या शेवटी वजनाची चिठ्ठी असते. पलीकडे थैली पुन्हा तोलायची, वजन जुळलं तर पोच द्यायची, नाही जुळलं तर गप्प राहायचं. पोच आली नाही की पाठवणारा तीच थैली पुन्हा पाठवतो. हे सगळं त्या हिरव्या पट्टीमागे चालू असतं.

कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर कवड्यांचं रूप पुन्हा पालटतं. तिथं त्या फिरत्या तबकडीवर बारीक चुंबकांच्या दिशा होऊन बसतात. धबधब्यावरचा उजेड इलेक्ट्रॉन झाला, पेवात कोंडला गेला, तारेवरची थरथर झाला, चुंबक झाला, आणि पडद्यावर पुन्हा उजेड होऊन आजीच्या डोळ्यांपर्यंत आला.

हे सगळं तिला सांगितलं, कवड्या दाखवून. तिला पटलं. मग म्हणाली, "मंग आता ह्यातलं पुसून टाक की, जागा हुईल."

पुसलं. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात नवल वाटतं ते इथं. आपण फोटो पुसतो तेव्हा त्या ४ कोटी कवड्यांना हातही लागत नाही. यादीतल्या फोटोच्या नावावर फक्त एक खूण होते आणि ही जागा मोकळी आहे अशी नोंद होते. दुसरा फोटो नेमका त्याच जागी येऊन बसेपर्यंत जुना तिथंच असतो. म्हणून चुकून फोटो पुसले गेले तर त्या कार्डावर आणखी एकही फोटो काढू नका. ते बाहेर काढा आणि हरवलेले फोटो शोधून देणारा प्रोग्रॅम त्यावर चालवा.

आजीला दाखवायला म्हणून मी लगेच तो चालवला. नर-मादी परत आले. त्यांच्यामागून आणखी काही फोटो येऊ लागले, मी कधीतरी पुसलेले, विसरूनही गेलेलो. त्यांत एक गच्चीवरचा होता. उन्हात जुनं लुगडं अंथरलेलं, त्यावर कुरडयांच्या ओळी आणि कडेला पाठमोरी आजी, हातात सोऱ्या.

ती चष्मा सावरत पुढे सरकली. "ह्ये कुठं होतं रं इतके दिवस?"